पावडरचं कस्टर्ड उकळायचं, अंड्याचं उकळू द्यायचं नाही

मे महिन्यात आमच्या दापोलीकडची घरं चाकरमान्यांनी आणि पोराबाळांनी भरलेली असतात. दुपारच्या जेवणानंतर काहीतरी गार हवं असतं, म्हणून घरोघरी कस्टर्ड होतं. मग विचारणा सुरू होते. कोणाचं कस्टर्ड रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही पातळच राहिलेलं असतं, कोणाच्या पुडिंगला इडलीसारखी जाळी पडलेली असते, कोणाचं आंबा घातल्याबरोबर दूध फाटलेलं असतं. नीट विचारलं की बहुतेक वेळा एकच घोळ निघतो. पावडरचं कस्टर्ड तळाशी लागेल या भीतीने उकळी यायच्या आतच उतरवलेलं असतं, आणि अंड्याचं मात्र मोठ्या आचेवर खळखळून उकडलेलं असतं. खरं तर दोन्हीकडे नेमकं उलटं करायला हवं.

कारण सोपं आहे. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिलाचा वास. मक्याचा हा स्टार्च साधारण ६५ अंश सेल्सियसपासून फुगायला लागतो, पण पूर्ण दाटपणा ९५ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे दूध रटरटायला लागल्यावर. अंड्याचं तसं नाही. अंड्यातली प्रथिनं दुधासकट ८० ते ८५ अंशांच्या दरम्यान छान धरतात. त्यापुढे तापवलं की ती आवळत जातात आणि धरलेलं पाणी सोडून देतात. ज्या घरात खरवस होतो तिथे हे वेगळं सांगायला नको. चिकाचं दूध कोणी गॅसवर खळखळवत नाही, वाफेवर बसवतात. अंड्याच्या कस्टर्डला तोच न्याय.

खाली आधी पावडरचं, मग अंड्याचं आणि शेवटी नारळाच्या रसातलं, अशा तीन कृती दिल्या आहेत. अंड्याचं कस्टर्ड सगळ्यांत जास्त बिघडतं, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे.

## भाग १ : पावडरचं कस्टर्ड

प्रमाण: अर्धा लिटर दूध, २ सपाट मोठे चमचे पावडर, ४ मोठे चमचे साखर. फळं घालायची असतील तर एवढी पावडर पुरते. वाटीत घट्ट बसवून चमच्याने खायचं असेल तर ३ चमचे घ्या. दूध फुल क्रीम असेल तर चव भरते. पिशवीच्या टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के असतो, फुल क्रीममध्ये ६ टक्के. टोन्ड दूधच असेल तर आधी ते मंद आचेवर दहा मिनिटं आटवून घ्या.

### टप्पा १ : पावडर तपासा

आपल्याकडच्या दमट हवेत उघडं राहिलेलं पाकीट पावसाळ्यात हमखास ओलावा धरतं. चिमूटभर पावडर बोटांत चोळून बघा. कोरडी असेल तर रांगोळीसारखी सुटते. खडे लागले तर चाळून घ्या, आणि कुबट वास आला तर टाकून द्या. उरलेली पावडर पाकिटातच रबर लावून ठेवू नका, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काढा.

### टप्पा २ : पावडर थंड दुधात कालवा

अर्ध्या लिटरमधलं पाऊण वाटी दूध तापवण्याआधीच बाजूला काढा. ते थंडच असू द्या. पावडरीत आधी दोन चमचे दूध घालून गंधासारखी गुळगुळीत पेस्ट करा, मग उरलेलं घाला. सगळं दूध एकदम ओतलं की पावडर तरंगते आणि बारीक गोळ्या होतात.

गरम दुधात कोरडी पावडर कधीही भुरभुरवू नका. गरम दूध लागलं की प्रत्येक कणाचं बाहेरचं आवरण शिजून चिकट होतं आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. अशी गुठळी नंतर कितीही ढवळली तरी फुटत नाही.

### टप्पा ३ : दूध तापवा आणि ओता

जाड बुडाच्या पातेल्यात आधी दोन चमचे पाणी फिरवून घ्या, दूध तळाला कमी लागतं. उरलेलं दूध आणि साखर त्यात घालून तापवा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की आच मंद करा. कालवलेली पावडर आता पुन्हा एकदा ढवळून घ्या. हे फार जण विसरतात. पाच मिनिटांत सगळा स्टार्च वाटीच्या तळाशी घट्ट बसलेला असतो, वरचं पाणचट दूध तेवढं पातेल्यात जातं आणि खरी पावडर वाटीतच राहते. ढवळल्यावर बारीक धार धरून ओता आणि दुसऱ्या हाताने पातेलं ढवळत राहा. कालथा तळावरून आणि कडांवरून फिरला पाहिजे, मधेच गोल गोल नको.

### टप्पा ४ : उकळा

इथे धीर सोडू नका. मिश्रण दाट व्हायला लागलं की झालं असं वाटतं आणि हात गॅसच्या बटणाकडे जातो. थांबा. मधोमध फुटके, जाड बुडबुडे फदफद करत यायला हवेत. ते आल्यावर घड्याळ लावून दीड ते दोन मिनिटं ढवळत उकळा. पिठूळ चव याच दोन मिनिटांत जाते. पण दहा मिनिटं उकळत बसायचं नाही. फुगलेले कण फुटले की कस्टर्ड पुन्हा पातळ होतं.

तपासणी: गरम कस्टर्ड कढीइतकं दाट दिसलं तर बरोबर आहे. कालथ्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ बुजली नाही की उतरवा. गरम असतानाच ते श्रीखंडासारखं झालं असेल तर गार झाल्यावर वडी पाडावी लागेल. तेव्हाच अर्धी वाटी गरम दूध घालून सारखं करा.

### टप्पा ५ : गार करा

पातेलं परातीतल्या थंड पाण्यात ठेवा आणि पहिली दहा मिनिटं मधूनमधून ढवळा. साय नको असेल तर कस्टर्डला टेकेल असं काहीतरी वर पसरायचं. आम्ही केळीच्या पानाचा धुऊन पुसलेला तुकडा वापरतो. वाफ निघून गेल्यावरच फ्रीजमध्ये ठेवा. गरम पातेल्यावर झाकण घालून आत ढकललं की झाकणाची वाफ पाणी होऊन वर पडते आणि लोकांना वाटतं कस्टर्ड फाटलं.

उष्टा चमचा पातेल्यात घालू नका. घरात प्रत्येक जण येता-जाता चव बघतो आणि तोच चमचा परत बुडवतो. आपल्या लाळेतला रस स्टार्च तोडतो, ते त्याचं कामच आहे. काल घट्ट असलेलं कस्टर्ड आज ताकासारखं झालं तर पहिला संशय इथेच घ्या. चव बघायला वेगळी वाटी घ्या.

### टप्पा ६ : फळं

फळं नेहमी पूर्ण गार कस्टर्डमध्ये, आणि वाढायच्या अर्धा तास आधी. सगळी फळं चालत नाहीत, आणि कोकणातल्या बागेतली तर बरीचशी चालत नाहीत.

हापूस चालतो, पण पूर्ण पिकलेला. देठाकडे आंबट राहिलेला आंबा कोमट दुधातसुद्धा दूध फाडतो. फोडी करा, रस नको. रसच घालायचा असेल तर कस्टर्ड फ्रीजमध्ये थंडगार झाल्यावर चमच्या-चमच्याने मिसळा. रायवळाच्या धाग्यांमुळे मजा जाते.

केळ्यांत वेलची केळी उत्तम, कारण ती आकार सोडत नाहीत. शेवटी कापा आणि कापल्याबरोबर कस्टर्डमध्ये बुडवा, हवा लागली की काळी पडतात. डहाणू-घोलवडकडचा चिकू छान लागतो, पण मऊ पिकलेलाच घ्या; जरा कच्चा असला तरी सगळ्या वाटीला तुरटपणा आणतो. कापा फणसाचे गरे बारीक चिरून घालता येतात, मात्र मग दुसरं कुठलंच फळ नको, फणस कोणाला बोलू देत नाही. शहाळ्याची मलई पातळ कापून घातली तर मला सगळ्या फळांपेक्षा ती आवडते. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजू मिळाले तर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून साल काढा आणि तसेच घाला.

अननस कच्चा कधीच घालू नका. त्यातलं एन्झाइम दुधाची प्रथिनं तोडतं आणि तासाभरात कस्टर्ड कडू होतं. साखरेच्या पाकात आठ-दहा मिनिटं उकळून गार केलेला अननस चालतो. पपईचीही तीच अडचण, ती बाजूलाच ठेवा. कलिंगड आणि जाम पाणी सोडतात. काजूचं बोंड आणि करवंदं यांचा दुधाशी मेळ बसत नाही.

## भाग २ : अंड्याचं कॅरॅमल कस्टर्ड, अव्हनशिवाय

प्रमाण: अर्धा लिटर फुल क्रीम दूध, ४ अंडी, मिश्रणासाठी ६ मोठे चमचे साखर (साधारण ७५ ग्रॅम), कॅरॅमलसाठी आणखी ६ चमचे, चिमूटभर मीठ. हे सहा इंची कुकरच्या डब्यात नीट बसतं.

अंड्यांचा हिशोब मोठ्या, बाजारी अंड्यांचा आहे. ती साधारण ५० ग्रॅमची असतात. गावठी अंडी बरीच लहान असतात, ती ५ घ्या. अंडी पाण्यात टाकून बघा. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. उभं राहिलं तर ते जुनं, कस्टर्डला वास येईल. तरंगलं तर वापरूच नका.

### टप्पा १ : आधी सगळी मांडणी

कॅरॅमल झाल्यावर शोधाशोध करायला वेळ मिळत नाही, म्हणून गॅस पेटवण्याआधी सगळं ओट्यावर हवं. डबा, त्याला घट्ट बसणारी ताटली किंवा फॉइल, गाळणी, आणि वाफेचं भांडं.

वाफेसाठी आपल्या घरातलं मोदकपात्र सगळ्यांत चांगलं. चाळणीच्या खाली दोन इंच पाणी घाला, पाणी चाळणीला लागता कामा नये. डबा आत ठेवून झाकण बसतंय ना, हे रिकामाच ठेवून बघा. मोदकपात्र नसेल तर कुकर चालतो, पण शिट्टी काढून. शिट्टी लावली की आतलं तापमान १०० अंशांच्याही वर जातं, आणि आपल्याला तर ८५ सुद्धा ओलांडायचं नाही. चाळणीवर दुमडलेला सुती पंचा ठेवा, म्हणजे डब्याच्या बुडाला थेट चटका बसत नाही. दुसरा पंचा मोदकपात्राच्या झाकणाला आतून बांधा आणि त्याची टोकं वर गाठ मारून ठेवा, गॅसपाशी लोंबू देऊ नका.

### टप्पा २ : कॅरॅमल

६ चमचे साखर आणि २ चमचे पाणी छोट्या जाड पातेल्यात घ्या. साखर विरघळेपर्यंत मंद आच. एकदा उकळी आली की चमचा घालू नका, पातेलंच कानाला धरून हलकं फिरवा. चमच्याने ढवळलं की कडेची साखर आत पडते आणि सगळ्या पाकाचे पांढरे खडे होतात. चार थेंब लिंबाचा रस सुरुवातीलाच घातला तर हा धोका कमी होतो.

आधी मोठे पांढरे बुडबुडे येतात, मग ते बारीक होतात, मग कडेने पिवळसर छटा दिसते. इथून पुढे सगळा खेळ अर्ध्या-एक मिनिटाचा आहे, गॅस सोडून जाऊ नका. गडद मधासारखा रंग आला की लगेच उतरवा. पातेलं तापलेलंच असतं, त्यामुळे रंग उतरवल्यावरही चढत राहतो आणि डब्यात ओतेपर्यंत कोऱ्या चहासारखा होतो. तोच हवा. गॅसवरच कोऱ्या चहासारखा होऊ दिलात तर डब्यात पोचेपर्यंत कडू होईल. धूर दिसला तर तो पाक टाका आणि नव्याने करा. सहा चमचे साखर गेली तरी चालेल, पण करपलेला कडूपणा अर्धा लिटर दूधही झाकत नाही.

डबा आधी गरम पाण्याने धुऊन कोरडा करून ठेवा. थंड डब्यात कॅरॅमल पडल्या जागी गोठतं. ओतून लगेच डबा तिरका करत तळभर पसरवा.

जपून: या वेळी साखर १६० अंशांच्या पुढे गेलेली असते आणि ती कातडीला चिकटते. मुलांना स्वयंपाकघराबाहेर पाठवा. बोट लावून चव बघू नका. जवळ थंड पाण्याचं भांडं असू द्या, चटका बसला तर ताबडतोब हात त्यात बुडवायचा.

तपासणी: दहा मिनिटांनी नखाने टिचकी मारा. काचेसारखं टक् वाजलं पाहिजे. मऊ असेल तर थांबा, नाहीतर दूध ओतल्याबरोबर ते विरघळून वर येईल.

### टप्पा ३ : दूध आणि अंडी

दूध एकदा उकळून, साय काढून, कोमट होऊ द्या. बोट बुडवून दहा पर्यंत मोजता आलं की ते बरोबर झालं. म्हशीचं घट्ट दूध असेल तर साय दोनदा काढावी लागते, सायीचे तुकडे राहिले की कापात दिसतात.

अंडी साखर आणि मीठ घालून काट्याने किंवा हलक्या हाताने रवीने मोडा. फेसायची नाहीत. मिक्सर तर अजिबात नको. जेवढा फेस, तेवढे बुडबुडे, आणि तेवढी भोकं. काटा वाटीच्या तळाला टेकवूनच फिरवला तर हवा कमी जाते.

आता कोमट दुधाची बारीक धार अंड्यात ओता. अंडी दुधात ओतायची नाहीत. क्रम चुकला आणि दूध जरा जास्त गरम असलं तर पातेल्यात अंड्याची भुर्जी तरंगताना दिसेल.

### टप्पा ४ : गाळा

हा टप्पा वगळता येत नाही. अंड्यात बलकाला धरून ठेवणारे पांढरे धागे असतात, ते शिजल्यावर चिवट होतात. बारीक गाळणीतून थेट डब्यात गाळा. नंतर थोडं जायफळ किसून घाला. अंड्याचा वास जायफळाने जितका जातो तितका व्हॅनिलाने जात नाही, आणि आपल्याकडे नारळी-पोफळीच्या बागांत जायफळ असतंच. वेलची घालायची तर अगदी वस्त्रगाळ, जाडी पूड तळाशी बसते. पाच मिनिटं थांबा आणि वर आलेला फेस चमच्याने काढून टाका. मग डब्यावर फॉइल किंवा ताटली घट्ट बसवा.

### टप्पा ५ : वाफ

पाणी आधी उकळू द्या, मग आच सगळ्यांत मंद करा आणि मगच डबा आत ठेवा. झाकण किंचित तिरकं ठेवा, बोटभर फट राहू दे. कोंडलेली वाफ शंभर अंशांची असते, फटीमुळे आतला ताप थोडा उतरतो. पाण्याचा आवाज ऐका. कुजबुजल्यासारखा मंद आवाज हवा. भांडं खडखडायला लागलं तर आच जास्त आहे.

एकदा पुतण्याच्या वाढदिवसाला मी नेमकी इथे चुकले. पाहुणे यायची वेळ झाली होती, मी आच मोठी करून पंधरा मिनिटांत डबा बाहेर काढला. वरून पिवळंधमक, छान दिसत होतं. ताटात उलटं केलं तेव्हा बाजूने सगळीकडे भोकं, मधमाशीच्या पोळ्यासारखी, आणि त्या भोकांतून पाणी ठिबकून कॅरॅमल पांचट झालेलं. सुरी घातली तर रबरासारखं मागे येत होतं. पोरांनी मुकाट्याने खाल्लं, पण माझ्या डोळ्यांसमोर अजून तो काप आहे. तेव्हापासून मी वेळ हाताशी नसेल तर पावडरचं करते, अंड्याचं करत नाही.

या मापाला मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं लागतात. वीस मिनिटांनंतर एकदा पाणी बघा. कमी झालं असेल तर गरम पाणीच घाला, गार पाण्याने वाफ तुटते.

### टप्पा ६ : झालं की नाही, हे कसं ओळखायचं

३५ मिनिटांनी झाकण काढा आणि डबा चिमट्याने धरून हलकेच हलवा. कडा स्थिर आणि मधला रुपयाएवढा भाग ताज्या खरवसासारखा थलथलला की गॅस बंद. मधला भाग दुधासारखा लाटा मारत असेल तर पाच मिनिटं आणखी. पातळ सुरी मधोमध घालू नका, मधला भाग आणि कड यांच्या मध्ये घाला. ती स्वच्छ बाहेर आली पाहिजे.

मधलाही भाग घट्ट होईपर्यंत थांबायचं नाही. आतला ताप गॅस बंद केल्यावरही दहा मिनिटं काम करत असतो. गॅसवर पूर्ण घट्ट झालेलं कस्टर्ड गार होताना जास्तच शिजतं.

### टप्पा ७ : गार करणं आणि उलटं करणं

डबा लगेच बाहेर काढा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये किमान ५ तास, रात्रभर ठेवलं तर सगळ्यांत चांगलं. ही वाट बघणं फुकट नसतं. काचेसारखं झालेलं कॅरॅमल या वेळात कस्टर्डच्या ओलाव्याने विरघळून पाक होतं. दोन तासांत उलटं केलं तर पाक तळालाच चिकटून राहतो.

झाकणाबद्दल आग्रहाने सांगते, कारण आपल्या फ्रीजमध्ये बांगडा आणि सोडे असतातच. दुधा-अंड्याचा पदार्थ वास पटकन ओढून घेतो.

वाढताना पातळ सुरी कडेने एकदाच फिरवा, डब्याला टेकवून. डब्याचं बूड अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा. वर खोलगट ताटली उपडी ठेवा. सपाट ताट घेतलंत तर पाक ओट्यावर जाईल. दोन्ही घट्ट धरून एका झटक्यात उलटं करा आणि थांबा. डबा आणि कस्टर्ड सुटल्याचा मऊ आवाज येतो, मग डबा सरळ वर उचला.

### पावडर आणि अंडं दोन्ही घातलं तर

काही जण जास्त दाट व्हावं म्हणून पावडरच्या कस्टर्डमध्ये बलक घालतात. तेव्हा नियम पावडरचा लागतो, म्हणजे मिनिटभर उकळायलाच हवं. बलकात स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. ते उकळून मारलं नाही तर रात्रीचं घट्ट कस्टर्ड सकाळी पातळ झालेलं असतं. स्टार्च सोबतीला असल्यामुळे अशा मिश्रणात बलक उकळीतही लगेच फाटत नाही.

## भाग ३ : नारळाच्या रसातलं, अंड्याशिवाय

श्रावणात किंवा उपवास सोडताना अंडं नको असतं, तेव्हा हे करा. एका मोठ्या नारळाचा चव अर्धी वाटी कोमट पाणी घालून वाटा आणि पिळा. हा जाड रस वेगळा ठेवा. चोथ्यात दीड वाटी पाणी घालून पुन्हा वाटून पिळा, तो पातळ रस.

१. पातळ रसातला पाव वाटी रस थंडच बाजूला काढून त्यात ३ मोठे चमचे साधं कॉर्नफ्लोअर कालवा. कस्टर्ड पावडर नको, व्हॅनिला आणि नारळ एकमेकांच्या चवीत लुडबूड करतात.

२. उरलेल्या पातळ रसात पाऊण वाटी चिरलेला गूळ विरघळवून गाळून घ्या. गुळात वाळू असते, गाळल्याशिवाय घालू नका. पावसाळ्यात हळदीचं पान मिळतं, त्याची एक गाठ बांधून या रसात टाका. पातोळ्यांचा वास येतो.

३. उकळी आली की पान काढा, कॉर्नफ्लोअर ढवळून ओता आणि पावडरच्या कस्टर्डसारखंच दोन मिनिटं उकळा.

४. आच अगदी मंद करून जाड रस आणि चिमूटभर मीठ घाला. एक वाफ आली की बंद. जाड रस उकळत ठेवला तर फुटतो आणि वर तेल दिसतं. शिरवाळ्यांचा रस करताना आपण जी काळजी घेतो तीच इथेही.

वाट्यांमध्ये ओतून गार करा. फ्रीज नसला तरी हे बऱ्यापैकी धरतं, पण नारळ लवकर आंबतो, त्याच दिवशी संपवा.

## किती वेळ टिकतं

फळं घातलेलं कस्टर्ड त्याच दिवशी खावं. नुसतं पावडरचं किंवा अंड्याचं फ्रीजमध्ये झाकून दोन दिवस. मे महिन्याच्या उकाड्यात जेवणाच्या टेबलावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका, उरलेलं लगेच आत गेलं पाहिजे. अवकाळी वाऱ्यात वीज गेली तर फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज साधारण ४ तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर अंड्याचं कस्टर्ड वास न येताही टाकून द्या, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर देऊच नका.

## बिघडलंच तर

पावडरच्या कस्टर्डमध्ये गुठळ्या झाल्या: गरम असतानाच गाळणीतून चमच्याने दाबून काढा. गार झाल्यावर मिक्सरमध्ये फिरवलं तर चालतं, पण थोडं पातळ होतं.

पातळ राहिलं: आणखी पावडर घालायच्या आधी पुन्हा उकळून बघा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच दाट होतं. नाही झालं तर एक चमचा पावडर थंड दुधात कालवून घाला आणि पुन्हा दोन मिनिटं उकळा.

तळाशी लागलं: खरवडू नका. वरचं वर दुसऱ्या पातेल्यात ओता. चव घेऊन बघा. करपट वास उतरला असेल तर तो कशानेही जात नाही.

अंड्याच्या कस्टर्डला जाळी पडली: परत घट्ट बसणार नाही. सुटलेलं पाणी काढून टाका, उरलेलं गार करून बारीक तुकडे करा आणि केळी किंवा चिकूबरोबर वाटीत वाढा.

मधला भाग कच्चा राहिला आणि डबा गार झाला: मोदकपात्र पुन्हा तापवून मंद वाफेवर दहा-बारा मिनिटं ठेवा. उलटं करून झालं असेल तर मात्र हे जमत नाही, म्हणून आधी सुरी घालून बघा.

डब्याला कॅरॅमल चिकटून बसलं: घासणी लावू नका, डब्यावर ओरखडे उठतात. अर्धी वाटी पाणी घालून डबा मंद आचेवर उकळा, पाच मिनिटांत सगळं सुटतं. ते तपकिरी पाणी ओतून देऊ नका, आणखी दोन मिनिटं आटवून गार करा आणि कस्टर्डवर घाला.